धुराचे कूळ, पांघरुणाचे कूळ

गारठ्यापासून रोप वाचवण्याची गरज चामोर्शी तालुक्याला पूर्वापार नव्हती. वैनगंगेच्या काठाने पसरलेल्या या मुलखात धानाचे पऱ्हे पडायचे ते मृगाच्या पावसावर, रोवणी व्हायची आषाढ-श्रावणात, आणि थंडी पडेपर्यंत धान कापून खळ्यावर आलेले असायचे. मागे उरलेल्या ओलीवर त्याच बांधीत लाखोळी, जवस, हरभरा निघे. ही सगळी पिके थंडी मानवणारीच होती. मालगुजारी तलाव आणि बोड्या होत्या, पण त्यांचे पाणी पावसाने दगा दिला तर खरिपाचे धान तारण्यासाठी राखलेले असे. पौषात पऱ्हे टाकण्याचा विचारही कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ते कारण आले रेगडीच्या दिना धरणाने, विहिरींवरच्या मोटारपंपांनी आणि अलीकडे चिचडोह बॅरेजमुळे नदीत अडलेल्या पाण्याने. पाणी मिळाले तसे उन्हाळी धान आले, आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायचे ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींत. कोवळे रोप आणि निरभ्र थंड रात्र यांची गाठ पडली. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांवर एप्रिलमध्ये जे संकट येते, डोळे फुटल्यावर अवचित दव गोठते, त्याचेच हे सौम्य भावंड आहे. मात्र फ्रान्सच्या शेतकऱ्याच्या पाठीशी या संकटाशी झुंजण्याचा शतकांचा अनुभव आहे, आणि आपल्याकडे उपाय आले ते बाहेरून, सल्ल्यांच्या रूपाने. म्हणूनच कोणता उपाय कुठून आला, त्याचे कूळ काय, हे पाहणे इथे केवळ हौसेचे काम नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गडचिरोली जिल्ह्यात कुठे बर्फ पडतो? खरे आहे. सगळ्या विदर्भात गाजलेल्या 29 डिसेंबर 2018 च्या थंडीतही नागपूरचा पारा 3.5 अंशांवर थांबला होता, शून्याला शिवला नव्हता. पण धानाचे रोप शून्याची वाट पाहत नाही. धानाचे बी 10 अंशांच्या खाली अंकुर धरत नाही, रोप जमिनीबाहेर यायला 12-13 अंश लागतात आणि मुळे नीट धरायला 16 च्या आसपास. वेधशाळेचा पारा जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, लाकडी पेटीच्या सावलीत टांगलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतचा थर त्याहून तीन-चार अंशांनी अधिक थंड असतो, आणि पऱ्ह्याचे अख्खे आयुष्य त्याच थरात जाते. त्यामुळे बातमीत 11 अंश छापून येतात तेव्हा वाफ्यातल्या पात्याने 7-8 अंश सोसलेले असतात. पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, तीन-साडेतीन आठवड्यांत रोवणीला यायचे रोप दीड-दोन महिने रेंगाळते, आणि पुढे फुलोरा थेट उन्हाच्या तडाख्यात सापडतो. ही लक्षणे आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद अध्यायात थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडाला रोग होतो असे सांगून त्याचे पहिले लक्षण दिले आहे ते पाने फिकट पडण्याचे.

या रोगावर जगात सर्वांत जास्त सांगितला गेलेला उपाय म्हणजे धूर. त्याचे कूळ मोठे जुने आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, दव गोठण्याची भीती असेल तेव्हा मळ्यात आणि शेतात काटक्या, भुसा, उपटलेले तण पेटवावे, धूर पिकाला वाचवील, असे लिहून ठेवले. त्याचा ज्यांना गंधही नव्हता अशा पेरूच्या डोंगरातल्या इंका शेतकऱ्यांचीही हीच रीत होती. कुस्कोत जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगा याने 1609 साली छापलेल्या आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे: दिवस मावळताना लोक आकाश पाहत, ढग नसले तर रात्री पीक करपणार हे ओळखत, आणि शेणाचे ढीग पेटवून धूर करत. या नोंदीतला आकाश पाहण्याचा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण धुराच्या उपायाचे मूळ त्यात उघड दिसते. ढगाळ रात्री पीक जळत नाही हे निरीक्षण अचूक होते. ढग आणता येत नाही, पण ढगासारखे दिसणारे काही तरी शेतावर पसरवता येते, हा त्यावरचा तर्क. समुद्रापार राहणाऱ्या, एकमेकांची नावेही न ऐकलेल्या दोन समाजांना एकच तर्क सुचला, तो त्यामागचे निरीक्षण खरे होते म्हणून.

तर्क मात्र अपुरा निघाला. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब न दिसणाऱ्या किरणांनी आकाशाकडे सोडत असते. या किरणांची लहर साधारण 10 मायक्रॉनची. ढगातले पाण्याचे थेंब तेवढे किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून ते किरण अडवतात आणि ऊब जमिनीकडे परत धाडतात. धुराचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहून लहान. ते सूर्यप्रकाश अडवतात, आपली नजर अडवतात, पण जमिनीची ऊब त्यांच्यामधून बिनदिक्कत निघून जाते. त्यातून सकाळी धूर तसाच तरंगत राहिला तर कोवळे ऊन वाफ्यावर उशिरा पोचते. कॅलिफोर्नियात 1913 च्या जानेवारीत संत्र्या-लिंबांच्या बागा थंडीने उद्ध्वस्त झाल्यावर बागाईतदारांनी तेलाच्या धूरभट्ट्या हजारोंनी मांडल्या, गावेच्या गावे काजळून गेली, आणि अखेर ध्यानात आले की बागेला राखते ती भट्टीची आच, धूर नव्हे. तिथून पुढे भट्ट्या कमी धुराच्या होत गेल्या. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत रात्रभर ओळीने मोठाल्या मेणबत्त्या पेटलेल्या साऱ्या जगाने पाहिल्या. धूर जवळजवळ नाही, आच मात्र जागोजाग, अशी ती रचना होती. बारीक बारीक आगी अनेक ठिकाणी असल्या तर ऊब जमिनीलगत राहते. एकच मोठा जाळ केला तर तापलेली हवा वरचा थर फोडून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा ओढली जाते.

इथे कुणी विचारील की धूर कुचकामी असता तर दोन हजार वर्षे टिकला कसा? आणि आजही थंडीची लाट आली की निफाडकडचे द्राक्षबागाईतदार शेकोट्या का पेटवतात, जळगावच्या केळीवाल्यांना बांधावर ओला कचरा पेटवा असे का सांगितले जाते? याचे उत्तर असे की धुराबरोबर आग असतेच, आणि आगीचा थोडाफार गुण येतोच. तो गुण धुराच्या नावावर जमा झाला. शिवाय धूर डोळ्यांना दिसतो. रात्रभर जागून काही केल्याचे समाधान त्यातून मिळते, आणि दुसऱ्या दिवशी पीक वाचले तर श्रेय त्यालाच जाते. द्राक्षाची बाग लाखमोलाची असते, तिथे शेकोटीचा खर्च परवडू शकतो. पऱ्ह्यांचा हिशेब वेगळा आहे. निरभ्र रात्री एक चौरस मीटर जमीन ढोबळमानाने 70 वॉट या दराने ऊब गमावते. दहा तासांची रात्र धरली तर सुमारे 600 किलोकॅलरी होतात. एकरभर रोवणीसाठी चार गुंठे, म्हणजे 400 चौरस मीटर वाफे लागतात. त्यांची एका रात्रीची तूट दोन लाख चाळीस हजार किलोकॅलरी. किलोभर तणीस जळून साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी देते, म्हणजे सगळी आच वाफ्यावर राहिली तरी सत्तर किलो तणीस हवे. आच राहत नाही, तिचा मोठा भाग आकाशात जातो, म्हणून त्याच्या कित्येक पट जाळावे लागेल, आणि तेही रोज रात्री. ज्या घरी बैल आणि गाय आहे तिथे उन्हाळ्याच्या तोंडावर तणीस जाळणे म्हणजे दावणीचा घास जाळणे होय.

दुसरे कूळ पांघरुणाचे. त्याची उपपत्ती सिद्ध होण्यात हिंदुस्थानचा वाटा आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. अठराव्या शतकात अलाहाबादेकडे हिवाळ्यात बर्फ तयार करत. सर रॉबर्ट बार्कर याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती कृती सविस्तर लिहिली. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्यायचा, तळाला उसाच्या किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा जाड थर द्यायचा, त्यावर पातळ, सच्छिद्र मातीच्या उथळ परळांत पाणी ओतून ठेवायचे. सूर्योदयाआधी कामकरी येऊन परळांतला बर्फ गोळा करत. वारा सुटला किंवा ढग आले तर बर्फ धरत नसे. खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब परळापर्यंत येत नाही आणि वर उघडे आकाश पाण्याची ऊब ओढून घेते, एवढीच ती युक्ती. हवा शून्याच्या वर असतानाही पाणी गोठते हे त्या कारागिरांना हातच्या अनुभवाने ठाऊक होते. लंडनचा वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने 1814 च्या दवावरील निबंधात हिंदुस्थानातल्या या बर्फाचा विचार करून उलगडा केला की वस्तू थंड होते ती आकाशाला उघडी असते म्हणून. त्याने चार काड्यांवर एक तलम रुमाल गवताच्या सहा इंच वर ताणून बांधला, तर त्याखालचे गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कितीतरी उबदार राहिले. रुमाल गवताला टेकवला तेव्हा फायदा कमी झाला. माळी लोक पातळ चटईने रोपे झाकतात याला आपण अर्धवट ज्ञानाच्या अहंकारात हसत होतो, अशी कबुलीही त्याने दिली आहे. चटई हवेची थंडी अडवत नाही. ती रोप आणि आकाश यांच्यामध्ये येते, आणि तेवढे पुरते.

हे कूळ धानापर्यंत पोचले जपानात. नागानो प्रांतातल्या कारुइझावा या थंड पठारावरच्या एका शेतकऱ्याने 1940 च्या दशकात धानाच्या वाफ्यांवर तेलकागद पसरून रोपे लवकर आणि सशक्त वाढवली, आणि युद्धानंतर ती पद्धत जपानच्या थंड भागांत सर्वत्र गेली. भारतात 1953 च्या सुमारास जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोठी मोहीम झाली. तिच्यातून गादीवाफा आला, कमी बियाणे आले, ओळीतली लावणी आली. झाकण आले नाही, कारण तेव्हा आपले पऱ्हे पावसाळ्यात पडत होते आणि झाकणाचे इथे काही काम नव्हते. आज काम आहे. पण हाताशी पटकन मिळते ते पारदर्शक पॉलिथिन, आणि त्याची एक खोड सांगितली पाहिजे: कोरडे पातळ पॉलिथिन जमिनीची ऊब बऱ्याच अंशी आरपार जाऊ देते. आतून दव धरून पाण्याचा पापुद्रा आला की मगच ते नीट अडवते. ऊन चढल्यावर तसेच ठेवले तर रोप उकडून निघते. त्यापेक्षा बांबूच्या कामट्यांच्या कमानीवर, पात्यांना न टेकता, तणसाची विरळ चटई संध्याकाळी टाकावी आणि सकाळी गुंडाळावी. बांबू आणि तणीस ही दोन्ही चामोर्शीत घरची आहेत, आणि हे तणीस जळत नाही, हंगाम संपल्यावर त्याचा काही भाग गोठ्यातही जातो. रोज झाकणे-काढणे कष्टाचे आहे, हा आक्षेप खरा आहे. चार गुंठ्यांना दोन माणसांचे सकाळ-संध्याकाळचे काम पडते. पण झाकण लागते ते निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री. ढगाळ रात्री विश्रांती घ्यावी, आणि ती ओळखण्यासाठी इंका शेतकऱ्यासारखे आकाशाकडे पाहावे.

झाकणाला जोड पाण्याची, आणि हिशेबाने पाहिले तर पाणीच थोरले ठरते. वाफ्यात पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास लिटर. विहिरीचे पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ असते, म्हणून पौषातल्या संध्याकाळी ते हवेपेक्षा बरेच कोमट लागते. हे पाणी रात्रभरात दहा अंशांनी निवले तर 500 किलोकॅलरी देते. रात्रीची तूट 600 ची, म्हणजे बहुतेक भरपाई एकट्या पाण्याने होते, एक काडी न जाळता. रोप लहान असेल तर पाणी त्याच्या उंचीच्या बेताने घ्यावे, शेंडा बुडू देऊ नये. सकाळी ते निवलेले पाणी काढून टाकायचे, म्हणजे उन्हाची ऊब पाण्यात न मुरता मातीला लागते. बंगालमध्ये बोरो धानाची रोपे थंडीतच वाढवतात, तिथे ही रीत रुळलेली आहे, आणि सकाळी वाफ्यावरून दोरी ओढून पात्यांवरचे दव झाडण्याचीही. चामोर्शी आणि शेजारच्या मुलचेरा तालुक्यात 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत. मराठी शेतकऱ्याला ही विद्या विचारायला फार लांब जावे लागणार नाही.

पाणी फुकट नाही आणि थंडीच्या रात्री वीज असेलच असेही नाही, हे मान्य. पण वाफ्यांचे क्षेत्र रोवणीच्या क्षेत्राचा दहावा हिस्सा असते, आणि पाणी भरायचे ते सूर्य मावळायच्या आत. दिवसा वीज मिळणाऱ्या किंवा सौर पंप असलेल्या शेतकऱ्याला ते जमते. ज्याचे पाणी कालव्यावरच अवलंबून आहे त्याने ते दुपारी उथळ बांधीत घेऊन उन्हाने तापू द्यावे आणि मग वाफ्यात सोडावे. कृषी खात्याला आणि थंडीच्या लाटेत सल्ला छापणाऱ्या वर्तमानपत्रांना विनंती एवढीच: पूर्व विदर्भासाठी लिहिताना पहिल्या ओळीत संध्याकाळचे पाणी लिहा, दुसऱ्या ओळीत झाकण लिहा, आणि धुराची ओळ गाळा. ते तणीस जनावरांना लागते.