‘सेन्झा सोर्दिनो’: एका सूचनेवरील भाष्य

मूळ पाठ असा. बीथोव्हेनचा पियानो सोनाटा, ओपस 27, क्रमांक 2. रचना 1801, प्रकाशन 1802. पहिल्या भागाच्या माथ्यावर इटालियनमध्ये आज्ञा आहे: हा सबंध तुकडा अत्यंत हळुवारपणे आणि सोर्दिनोविना वाजवावा. हस्तलिखिताचे पहिले पान हरवले आहे, म्हणून प्रमाण पहिली छापील आवृत्ती. ‘मूनलाइट’ हे नाव पाठात नाही. ते बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर चिकटले. चांदणे बाजूला ठेव आणि वाच.

‘हा सबंध तुकडा’. म्हणजे हा पहिला भाग, सगळा सोनाटा नव्हे. पण ‘सबंध’ म्हटल्यावर मध्येच सूट नाही.

‘अत्यंत हळुवारपणे’. याचा अर्थ संथ असा नव्हे. हे स्पर्शाविषयी आहे. लय वेगळी सांगितली आहे: अदाजो सोस्तेनुतो, म्हणजे संथ आणि स्वर धरून, आणि शेजारी उभ्या रेघेने छेदलेला ‘सी’. म्हणजे एका मापात दोन ठोके, चार नव्हेत. पियानोवादक सोलोमन यांचे ध्वनिमुद्रण आठ मिनिटांच्या आसपास जाते. दुसरे पियानोवादक आंद्राश शिफ पाच मिनिटांच्या आत संपवतात. सोलोमन ऐकताना श्वास रोखला जातो, हे खरे. पाठ मात्र शिफ यांच्या बाजूने आहे.

‘सोर्दिनोविना’, मूळ इटालियनमध्ये ‘सेन्झा सोर्दिनो’. इथे थांब. व्हायोलिनवर सोर्दिनो म्हणजे आवाज दबवणारा चिमटा. त्यावरून पहिला अर्थ: आवाज दबवू नकोस. दुसरा अर्थ: तारांवर टेकणाऱ्या गाद्या, म्हणजे डँपर, उचलून ठेव, म्हणजेच पेडल दाबून ठेव. दुसराच ग्राह्य. कारण याच सोनाटाच्या तिसऱ्या भागात जोरकस स्वरसमूहांवर ‘सोर्दिनोविना’ आणि लगेच ‘सोर्दिनोसह’ असे लिहिले आहे. पहिला अर्थ घेतला तर उरलेला सगळा वादळी भाग दबक्या आवाजात वाजवावा लागेल. ते संभवत नाही.

गाद्या उचलल्या की न छेडलेल्या ताराही सतारीच्या तरफांसारख्या बोलू लागतात. बीथोव्हेनच्या पियानोचा स्वर लवकर विरायचा. आजचा रेंगाळतो. पहिल्या मापात खर्जात सी शार्प, दुसऱ्यात बी. पाय हललाच नाही तर दोन्ही एकमेकांत कालवतात. म्हणून बीथोव्हेनचा शिष्य चेर्नी सांगतो, खर्ज बदलला की पेडल नवे घ्यावे. शिफ उलट पेडल थोडेसेच दाबतात, पण जवळजवळ सोडत नाहीत. चेर्नी सोय पाहतो, शिफ अक्षर पाळतात. माझा कौल शिफ यांना, कारण ‘सबंध’ हा शब्द दुसऱ्या कशानेच भागत नाही.

मात्र तुझ्यापाशी कीबोर्ड आहे. साध्या कीबोर्डचे पेडल नुसते चालू-बंद असते. थोडेसे दाबणे त्याला कळत नाही. म्हणून घरी चेर्नीच पाळ. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात पियानोवादन असेल तेव्हा जा, वादकाचा उजवा पाय दिसेल अशी जागा धर आणि पहिल्या दोन मापांत तो हलतो का ते पाहा.