परांचीवरून पडलेला माणूस रस्त्यावर कसा सापडतो?

जयपूर म्हटलं की आपल्या मालिकेचे जुने श्रोते लगेच १७५०-५१ सालात जातात. ईश्वरीसिंगाचा शेवट, मल्हारराव होळकर, शहरात झालेली मराठ्यांची कत्तल. तो विषय आज नाही. आज जयपूरच्या रस्त्यावरच्या एका अपघातापासून सुरुवात करायची आहे, आणि तिथून मागे शे-दीडशे वर्षं जायचं आहे.

५ ऑक्टोबर २०२२, पहाटेची वेळ. हरमाडा भागात एका मोटरसायकलला मागून मोठी गाडी धडकली. मागे बसलेली बाई जागीच गेली, गाडी चालवणारा तिचा भाऊ इस्पितळात गेला. दोघं सामोदच्या हनुमानाच्या दर्शनाला निघाली होती. घरच्यांनाही वाटलं, अपघात. पोलिसांनी पुढे जे मांडलं ते असं. नवऱ्यानं तिच्या नावावर विमा काढलेला होता. नैसर्गिक मृत्यू झाला तर एक कोटी, अपघाती झाला तर एक कोटी नव्वद लाख. लग्न २०१५ चं, नंतर भांडण, वेगळं राहणं, छळाची तक्रार. मग अचानक नवऱ्याचं गोड बोलणं सुरू झालं. माझा नवस आहे, तू सलग अकरा दिवस मोटरसायकलवरून देवाला जा, कुणाला सांगू नकोस. मारणाऱ्याशी सौदा दहा लाखांचा ठरला होता, असं पोलिसांचं म्हणणं.

नवसाचा भाग ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी अडलो तो आकड्यांवर. एक कोटी आणि एक कोटी नव्वद लाख. 'अपघात' हा एक शब्द कागदावर आला की किंमत नव्वद लाखांनी वाढते. अपघाताला ही किंमत कधी आणि कशी मिळाली?

माणसाच्या जिवावर विमा काढणं हा एकेकाळी इंग्लंडमध्ये उघड जुगार होता. आजारी उमराव कधी मरेल यावर तिऱ्हाईत माणसं पैसे लावत. १७७४ साली ब्रिटिश संसदेनं कायदा केला, की ज्याच्या जगण्यात तुमचं खरं हित आहे त्याचाच विमा तुम्ही काढू शकता. याला आपण विमायोग्य हितसंबंध म्हणतो. आपल्याकडेही तेच तत्त्व आलं. आणि नवरा-बायकोच्या बाबतीत हे हित सिद्ध करावं लागत नाही, कायदा ते गृहीत धरतो. हरमाड्याच्या प्रकरणात जे उघड झालं ते या गृहीतकाच्या अगदी पोटातलं आहे.

आता कामगाराकडे येऊ, कारण आजचा खरा विषय तो आहे.

एकोणिसाव्या शतकात इमारतीवर काम करणारा गवंडी परांचीवरून पडला तर त्याच्या बायकोला काय मिळत असे? १८५५ चा एक कायदा होता, प्राणघातक अपघातांचा. पण त्यासाठी दिवाणी दावा लावायचा आणि मालकाची चूक सिद्ध करायची. इंग्रजी न्यायालयांनी १८३७ पासून एक भलतंच तत्त्व काढून ठेवलं होतं: सोबतच्या कामगाराच्या चुकीनं इजा झाली तर मालक जबाबदार नाही. म्हणजे परांचीचा दोर दुसऱ्या बिगाऱ्यानं सैल बांधला असेल तर विषय संपला. जर्मनीनं १८८४ साली कामगारांचा अपघात विमा आणला, इंग्लंडनं १८९७ साली भरपाईचा कायदा केला. न्यूयॉर्क राज्यानं तर १८८५ सालीच परांचीवरच्या कामगारासाठी खास कायदा केला. तो कायदा आजही आहे, त्याच्याकडे परत येतो.

आपल्याकडे कामगार भरपाई कायदा झाला १९२३ साली आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले एक मराठी गृहस्थ होते, नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. आज त्यांचं नाव रस्त्याच्या पाटीपुरतं उरलंय, ही माझी जुनी तक्रार आहे. कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. संस्थानांना हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा लागू नव्हता, म्हणजे जयपूर दरबारच्या हद्दीतला बेलदार त्याच्या बाहेर राहिला.

या कायद्याचा हिशोब करून पाहा. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तिशीच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८. जानेवारी २०२० पासून हिशोबाला धरायची मजुरी जास्तीत जास्त १५ हजार. म्हणजे साडेसात हजार गुणिले २०७.९८, पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशे पन्नास रुपये. हा हक्क आहे. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून.

पण मेख पुढे आहे. जयपुरात मजुरांचे अड्डे आहेत, त्यांना तिथे चोखटी म्हणतात. आपल्याकडे मुंबई-पुण्यात नाका म्हणतो तेच. सकाळी माणसं हत्यारं घेऊन उभी राहतात, ठेकेदार येतो, चार जणांना उचलतो. हजेरीपत्रक नाही, नेमणुकीचा कागद नाही, कधीकधी ठेकेदाराचं पूर्ण नावही माहीत नाही. संध्याकाळी त्यातला एक तिसऱ्या मजल्यावरून पडला, तर 'मालक कोण' हेच सिद्ध करता येत नाही. आणि १९२३ च्या कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकली, पण त्या जबाबदारीचा विमा काढण्याची सक्ती केली नाही. ठेकेदार गायब झाला की हुकूमनामा घेऊन वसूल कोणाकडून करणार?

याउलट रस्ता पाहा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून आली. म्हणजे रस्त्यावर माणूस मेला तर कायद्यानं मागे पैसे असलेली कंपनी असायला हवी. भरपाईला वरची मर्यादा नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं दावा लावायची मुदतच काढून टाकली, ती सहा महिन्यांची मुदत परत आली थेट एप्रिल २०२२ मध्ये. हेतू चांगला होता. गावाकडच्या विधवेला सहा महिन्यांत वकील कुठून मिळणार?

आता तुमच्या लक्षात आलं असेल. परांचीवरून पडलेला माणूस कागदावर रस्त्यावर आणून टाकला जातो. देशभरातल्या दाव्यांमध्ये याच्या खुणा ठरलेल्या आहेत. इस्पितळाच्या पहिल्या कागदावर लिहिलेलं असतं 'उंचावरून पडून', आणि कित्येक दिवसांनी नोंदवलेल्या फिर्यादीत येतं 'अज्ञात वाहनाची धडक'. मग एक विमा असलेली गाडी प्रकट होते, तिचा चालक तक्रार न करता गुन्हा कबूल करतो, साक्षीदार एकाच गावचे. न्यायालयांनी अशा 'पेरलेल्या' गाड्या अनेकदा पकडल्या आहेत.

हे किती मोठं असू शकतं, ते उत्तर प्रदेशात दिसलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २०१५ रोजी विशेष तपास पथक नेमायला लावलं. मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कामगार भरपाई आयुक्त, दोन्हीकडे खोटे दावे लागत होते. सफीक अहमद विरुद्ध आयसीआयसीआय लोम्बार्ड या नावानं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पथकाकडे १३७६ संशयित प्रकरणं आली. त्यातल्या २४६ ची चौकशी होईपर्यंत १६६ जणांवर सकृद्दर्शनी दोष दिसला होता, आणि त्यात वकील, पोलीस, डॉक्टर, विमा कंपन्यांचे कर्मचारी, गाडीमालक असे सगळे होते. तपास सुरू झाल्यावर २३३ दावे चालवलेच गेले नाहीत किंवा फेटाळले गेले, त्यांची रक्कम तीनशे कोटींच्या वर. पुढे बार कौन्सिलनं २८ वकिलांना निलंबित केलं.

न्यूयॉर्कमध्ये हेच उलट्या दिशेनं झालं. तिथे १८८५ च्या त्या कायद्यामुळे उंचावरून पडलेल्या कामगाराबद्दल इमारतीचा मालक जवळजवळ पूर्ण जबाबदार, आणि त्याच्यामागे भक्कम विमा. म्हणून तिथे बनावट अपघात बांधकामावरच घडवले जातात असे आरोप आहेत. मार्च २०२४ मध्ये बांधकाम विम्यातल्या एका कंपनीनं संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली वकील आणि दवाखान्यांवर दावा लावला. त्याआधी तिथे ठेच लागून पडल्याची सोंगं सिद्धही झाली होती. बेघर लोकांना निवाऱ्यांतून आणायचं, पडायला लावायचं आणि दाव्याची रक्कम फुगावी म्हणून त्यांच्या पाठीच्या, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करायच्या. २०२२ मध्ये एक वकील आणि एक सर्जन दोषी ठरले. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याच्या हातावर हजार-दीड हजार डॉलर पडत.

आपल्याकडचंही चित्र असंच. अकोले तालुक्यातलं राजूरचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल, २०२१ चं. अमेरिकेतल्या पन्नास लाख डॉलरच्या विम्यासाठी सापाचा दंश घडवला, आणि मेला तो भलताच, मानसिकदृष्ट्या दुर्बळ माणूस. शरीर नेहमी गरिबाचं लागतं.

परत राजस्थानात. बांधकाम कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९९६ चा केंद्रीय कायदा होता, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन मंडळ चालतं. राजस्थानच्या मंडळाच्या योजनेत नोंदणीकृत कामगाराच्या नैसर्गिक मृत्यूला दोन लाख आणि अपघाती मृत्यूला पाच लाख. इथेही तोच शब्द, इथेही तोच फरक. आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. चोखटीवरच्या माणसाला तो देणार कोण? दलालाला मात्र लगेच मिळतो.

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्यानं गेलात की दौसा जिल्ह्यात सिकंदरा लागतं. दोन्ही बाजूंना दगडी कोरीवकाम, जाळ्या, हत्ती, कारंजी. ते कोरणाऱ्यांच्या फुप्फुसात धूळ साचते, सिलिकोसिस होतो. राजस्थाननं २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण केलं: निदान झालं की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख, दरमहा पेन्शन. मला हे धोरण देशातलं एक उत्तम काम वाटतं, कारण त्यात मालक शोधत बसावं लागत नाही. आणि अलीकडे याच दौसा जिल्ह्यात खोट्या सिलिकोसिस प्रमाणपत्रांचं प्रकरण बाहेर आलं, डॉक्टरांची नावं आली. अशा प्रकरणानंतर तपासणी कडक होते. ती व्हायला हवीच. पण या आजारात माणूस थांबून राहत नाही. खऱ्या रुग्णाची फाइल मंडळापुढे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाते, तोवर त्याला सिकंदऱ्याहून दवाखान्यापर्यंत चालवत नाही.

पुढच्या भागात १९५६ साल. चिंतामणराव देशमुखांनी १९ जानेवारीच्या रात्री आकाशवाणीवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, ते इतकं गुपचूप का करावं लागलं, आणि त्याआधी दालमियांच्या विमा कंपनीत काय घडलं होतं, ते पाहू.