दिव्यांग विद्यार्थ्याचा वैयक्तिक आराखडा : कर्जत-खालापूरच्या पालकांनी काय पाहावे?

प्रतिनिधी, कर्जत

दिव्यांग मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर चढले, की घरच्यांना हायसे वाटते. मात्र, वर्गात प्रवेश मिळणे आणि वर्गातील शिक्षण त्या मुलापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कमी करण्याचे साधन म्हणजे ‘वैयक्तिक शैक्षणिक आराखडा’. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला ‘आयईपी’ म्हटले जाते. हा आराखडा दप्तरी ठेवण्याचा कागद ठरतो की मुलाच्या उपयोगाचा, हे बऱ्याच अंशी पालकांच्या जागरूकतेवर अवलंबून असते.

कायदा काय सांगतो?

या कल्पनेला कायद्याचे रूप प्रथम अमेरिकेत १९७५ मध्ये मिळाले. तेथे असा आराखडा बंधनकारक असून, तो तयार करणाऱ्या गटात पालकांचा समावेश असतो आणि वर्षातून किमान एकदा त्याचा फेरआढावा घ्यावा लागतो. भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. शासकीय अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार व्यक्तिगत साहाय्य द्यावे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे, असे कलम १६ सांगते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अतितीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असल्यास शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गृहाधारित शिक्षणाचा पर्यायही निवडता येतो.

आराखड्यात काय असावे?

चांगल्या आराखड्याचे पाच भाग असतात. पहिला भाग सद्यःस्थितीचा. मुलाला काय येत नाही याबरोबरच काय येते, याचीही त्यात नोंद हवी. दुसरा भाग उद्दिष्टांचा. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट मोघम झाले. ‘दिवाळीच्या सुटीपर्यंत जोडाक्षरे नसलेली पाच वाक्ये मदतीशिवाय वाचणे’ हे मोजता येणारे उद्दिष्ट होय. तिसऱ्या भागात साहाय्य लिहावे : पुढच्या बाकावरील जागा, मोठ्या अक्षरांतील मजकूर, श्रवणयंत्र, तोंडी परीक्षा, वाक्-उपचार आदी. कोणते काम कोणी व आठवड्यातून किती वेळ करायचे, हे चौथ्या भागात आणि फेरआढाव्याची तारीख पाचव्या भागात असते. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले, तर पहिल्या तिन्ही भागांतील मजकूर कागदावरच राहतो.

भाषा वेगळी, अक्षमता वेगळी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाड्यांवर कातकरी व ठाकर समाजाची मोठी वस्ती आहे. मुलांच्या घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत बरेच अंतर असते. खोपोलीच्या औद्योगिक पट्ट्यात परप्रांतीय कामगारांची मुलेही शिकतात. त्यामुळे वाचनात मागे पडलेले मूल अध्ययन अक्षम आहे, की त्याला शाळेची भाषाच अजून उमगलेली नाही, हे आधी तपासावे लागते. मुलाशी त्याच्या बोलीत संवाद न साधता काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. नजर आणि श्रवण यांची तपासणीही त्याआधीच व्हायला हवी.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जूनमध्ये केलेल्या आराखड्याची सलगता ऐन सत्रात तुटते. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. दिव्यांग मुलाच्या बाबतीत त्या कार्डासोबत आराखड्याची प्रतही पालकांच्या हाती पडली, तर नव्या शाळेतील शिक्षकाला सारे पहिल्यापासून सुरू करावे लागणार नाही.

दाद कोठे मागावी?

पहिली विचारणा वर्गशिक्षक व मुख्याध्यापकांकडे करावी. त्यानंतर केंद्रप्रमुख आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यांच्याशी संपर्क साधावा. विशेष शिक्षकांकडे अनेक शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. विशेष शिक्षकाची भेट अधूनमधूनच होत असल्याने रोजची अंमलबजावणी वर्गशिक्षकावरच येते. म्हणूनच त्याला जमतील अशीच मोजकी उद्दिष्टे ठेवणे श्रेयस्कर.

अध्यापनातील बदलांसाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. जादा वेळ, लेखनिक यांसारख्या परीक्षेतील सवलतींसाठी मात्र प्रमाणपत्र लागते. शासकीय रुग्णालयातील तपासणीसाठी अलिबागपर्यंत जाणे म्हणजे वाडीवरील पालकांची दिवसाची मजुरी बुडणे होय. त्यामुळे कोणत्या दिवशी कोणती तपासणी होते, याची आधी चौकशी करून घ्यावी. शाळेच्या पातळीवर प्रश्न सुटला नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कायद्यानुसार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

पालकांनी विचारावेत असे प्रश्न

- माझ्या मुलाचा आराखडा तयार आहे काय? त्याची प्रत मिळेल काय?
- या सत्रात तो नेमके काय शिकणार आहे?
- ते कोण शिकविणार आणि केव्हा?
- घरी आम्ही काय करावे?
- पुढील आढावा कोणत्या तारखेला आहे?

हे प्रश्न विचारण्यासाठी पालकांना लिहिता-वाचता येणे आवश्यक नाही. उत्तरे तोंडी मिळाली तरी चालतील. आढाव्याची तारीख मात्र लक्षात ठेवून त्या दिवशी शाळेत हजर राहावे.