मुरलेला चहा

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, राजकारणी तर मुरतातच. पण चहा मुरतो असं कुणी म्हटलं तर आपल्याकडे लोक विचित्र नजरेनं बघतील. आपला चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून, उकळी आली की गाळायचा. डब्याचं झाकण सैल राहिलं आणि पत्ती वर्षभर पडून राहिली, तर तिला वास नाही म्हणून टाकून द्यायची. चीनच्या नैर्ऋत्येला यून्नान नावाचा प्रांत आहे. तिथला एक चहा मात्र वीस-तीस वर्षं कपाटात ठेवून मग पितात. त्याचं नाव पू-अर. गेली काही वर्षं मी हा चहा पितोय, आणि पिण्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याबद्दल वाचण्यात घालवलाय. कारण ह्या चहाचा इतिहास म्हणजे एका साध्या प्रश्नाचा इतिहास आहे: काळाला किंमत किती, आणि ती मोजायची कशी?

आधी थोडं तांत्रिक (सवय जात नाही). हिरवा चहा, काळा चहा, ऊलाँग, हे सगळे मुळात एकाच वनस्पतीचे. फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय करतात यामुळे. हिरव्या चहात पान लगेच तापवून त्यातली एन्झाइम्स बंद पाडतात. काळ्या चहात त्यांना मुद्दाम काम करू देतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसंच. धंद्यात ह्यालाही फर्मेंटेशन म्हणतात, पण ते खरं आंबणं नव्हे. पू-अरचं पान कढईत बेतानंच परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. त्यामुळे त्यातलं सगळंच काही मरत नाही. मग वाफेनं पान मऊ करून दाबून चकती करतात. पुढे दमट हवा, बुरशी, यीस्ट आणि वेळ मिळून जे करतात ते खरंखुरं आंबणं. आपल्या इडलीच्या पिठासारखं, फक्त एका रात्रीऐवजी वीस वर्षं!

झाडही आपल्या ओळखीचं आहे. यून्नानमधला मोठ्या पानांचा चहा आणि आसामचा चहा एकाच प्रकारचे, शास्त्रीय नावातच 'आसामिका' आहे. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला आसामातल्या चहाची माहिती मिळाली ती सिंगफो लोकांच्या बिसा गाम ह्या सरदाराकडून. सिंगफो लोक चहा बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात ठेवतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. त्यांचेच भाऊबंद यून्नानमध्ये जिंगपो म्हणून ओळखले जातात. म्हणजे साठवून ठेवायचा चहा भारतालाही नवा नव्हता, आपल्याला तो कुणी पाजला नाही इतकंच.

आता इतिहास. पू-अर हे एका बाजारपेठेचं नाव. येमेनच्या मोखा बंदरावरून कॉफीला नाव पडलं, तसंच हे. चहा पिकायचा दक्षिणेकडच्या डोंगरांत, पू-अरला यायचा आणि तिथून पुढे जायचा. १७२९ मध्ये चिंग दरबारानं इथं वेगळा जिल्हा स्थापन केला, आणि हा चहा नजराणा म्हणून थेट पेकिंगच्या राजवाड्यात जाऊ लागला. दुसरं मोठं गिऱ्हाईक तिबेट. तिथं चहा पिकत नाही आणि लोणी-मीठ घातलेल्या चहाशिवाय दिवस सरत नाही. दाली, लिजियांग करत खेचरांचे तांडे ल्हासाला पोचायचे, त्याला महिनेच्या महिने लागायचे. सुटं पान जागा खाणार आणि चुरा होणार, म्हणून चकत्या आणि विटा. आजही परंपरेनं चकती ३५७ ग्रॅमची असते आणि सात चकत्या बांबूच्या सालीत एकत्र बांधतात. हिशोब करून बघा, अडीच किलोला फक्त एक ग्रॅम कमी.

वाटेत पाऊस, दरीतला दमटपणा, खेचराचा घाम, घाटावरची थंडी. मुक्कामाला पोचेपर्यंत पानाचा रंग बदललेला आणि कडवटपणा बराच ओसरलेला असायचा. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग होता, गिऱ्हाइकाला आवडला म्हणून फीचर झाला.

ह्या वाटेला एक फाटा भारतातूनही होता, हे वाचून मी उडालोच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोहायचा (आजचं मंगहाय) चहा खेचरांवरून ब्रह्मदेशात, तिथून रंगून, जहाजानं कलकत्ता, रेल्वेनं सिलिगुडी, आणि मग कालिंपाँगहून परत खेचरांवरून ल्हासाला जायचा. चीनचा चहा तिबेटला न्यायला बंगालचा उपसागर ओलांडायचा! नकाशावर वेडेपणा वाटतो, पण डोंगरातल्या वाटेपेक्षा हे सोपं पडायचं. १९६२ च्या युद्धानंतर कालिंपाँगचा हा व्यापार संपला.

तिसरं गिऱ्हाईक हाँगकाँग. तिथल्या चहाघरांत तेलकट खाण्याबरोबर स्वस्तात मिळणारा चहा म्हणजे हाच, कँटोनीज उच्चारात 'पोलेइ'. ताजा पू-अर तोंड वाकडं करण्याइतका कडू, म्हणून व्यापारी तो दमट गोदामांत वर्षानुवर्षं ठेवायचे. मागणी वाढली तसं थांबणं परवडेना. शेवटी १९७३ मध्ये खुन्मिंगच्या सरकारी चहा कारखान्यानं घाईचा उपाय पक्का केला: पानांचा ढीग घालायचा, पाणी मारायचं, झाकायचं आणि अधूनमधून उलथत राहायचं. ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो आणि दीडेक महिन्यात चहा काळा, मऊ, मातकट होतो. थोडक्यात, कंपोस्ट खताचीच पद्धत. ह्याला म्हणतात 'शू', म्हणजे पिकवलेला. जो आपल्या चालीनं मुरतो तो 'शंग', म्हणजे कच्चा. शू ला नावं ठेवायची फॅशन आहे, पण मला त्यात काही वावगं दिसत नाही. फक्त तो जुन्या शंगसारखा लागत नाही. नक्कल करायला गेले आणि तिसरंच काहीतरी चांगलं हाती लागलं.

ह्याच काळात, १९७६ च्या सुमारास, निर्यातीसाठी क्रमांक आले, आणि इथं माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. ७५४२ हा मंगहाय कारखान्याचा प्रसिद्ध चहा. ७५ म्हणजे कृती १९७५ ची, ४ म्हणजे पानाची प्रत, २ म्हणजे कारखाना मंगहाय. झकास व्हर्जन नंबर! पण नीट बघा, ह्यात चहा कुठल्या साली तयार झाला हे कुठेच नाही. २००५ मध्ये दाबलेला ७५४२ सुद्धा ७५४२ च. आणि त्या काळच्या सरकारी वेष्टनांवर सहसा तारीखही नसे. ज्या मालाची सगळी किंमत वयावर, त्याच्यावर जन्मतारीखच नाही.

ह्यातून काय गमती झाल्या बघा. १९८० च्या दशकाच्या शेवटानंतर हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्यानं बराच ७५४२ घेऊन कोरड्या जागेत ठेवला. तो पुढे '८८ चिंग' म्हणून अतोनात गाजला. पण त्यातला माल साधारण १९८९ ते १९९२ चा मानतात. ८८ कशाला? चिनी लोकांत आठ हा आकडा शुभ, म्हणून.

१९९५ मध्ये तैवानच्या देंग शिहाय ह्यांचं पू-अरवरचं पुस्तक आलं आणि 'जितका जुना तितका सुगंधी' हे सूत्र सगळीकडे पसरलं. तोवर चहाघरातला साधा चहा, तो आता संग्राहकांची वस्तू झाला. मग गुंतवणूकदार आले. न पिणारे लोक पेट्याच्या पेट्या घेऊन ठेवू लागले. २००७ च्या एप्रिलमध्ये तर सिमाओ शहरानं आपलं नाव बदलून 'पू-अर' केलं. आणि त्याच उन्हाळ्यात फुगा फुटला. बऱ्याच मालाचे भाव निम्म्याच्याही खाली आले. मार बसला तो कर्ज काढून माल भरलेल्या छोट्या दुकानदारांना आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांना. ज्यांची झाडं, त्यांना ह्या सट्ट्यात कुणी विचारलंच नव्हतं. २००८ मध्ये राष्ट्रीय मानक आलं: यून्नानच्या ठरावीक भागातलं, मोठ्या पानांचं आणि उन्हात वाळवलेलं पान असेल तरच पू-अर म्हणायचं. जागेचा प्रश्न निदान कागदावर सुटला. वयाचा कसा सुटणार?

मला विचाराल तर तो सुटतच नाही. वय सिद्ध करणारी गोष्ट म्हणजे ज्यानं ठेवला त्याचा शब्द, नाहीतर आपली जीभ. म्हणूनच एखादा मित्र 'यात गुंतवणूक करू का रे?' असं विचारतो तेव्हा मी सरळ नको म्हणतो. पिणार असशील तर घे. २०२३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या जिंगमाय डोंगरावर ब्लांग आणि दाय लोक जंगलाच्या सावलीत शतकानुशतकं चहाची झाडं राखत आलेत. त्यांनी राखली ती पुढच्या पिढीनं पानं तोडावीत म्हणून.

तर प्यायचा कसा? बोथट सुरीनं चकतीच्या कडेनं पाचेक ग्रॅम चहा सोडवायचा, फोडून चुरा करायचा नाही. लहान किटलीत घालून उकळतं पाणी ओतायचं आणि ते पहिलं पाणी फेकून द्यायचं. मग प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद, दूध-साखर काही नाही. त्याच पानावर आठ-दहा वेळा सहज होतो आणि दर वेळी चव थोडी सरकते. जुना शंग पहिल्यांदा प्यायल्यावर आई म्हणाली, "पावसाळ्यात माळ्यावरची पेटी उघडल्यासारखा वास येतोय रे." याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. (तिनं दुसरा कप मागितला, हेही सांगायला हवं.)

ठेवताना एकच पथ्य: मसाल्याच्या डब्यापासून लांब, कारण चहा आजूबाजूचा वास शोषून घेतो. पुण्याच्या उन्हाळ्यात तो झोपलेला असतो, पावसाळ्यात जागा होतो. तेव्हा बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं. मी दर वर्षी साध्या शंगची एक चकती घेतो आणि घेतल्याची तारीख वेष्टनावर पेन्सिलीनं लिहितो. पुढे ती ज्याला सापडेल, त्याला निदान दुकानदाराच्या शब्दावर विसंबायला नको.