वीज देणारा, पाणी देणारा घट



धरणाच्या भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्यातून वीज निघते हे आपणांस ठाऊक आहे. परंतु ज्या यंत्रात विजेबरोबर पाणीच जन्मास येते, अशा एका यंत्राची हकिगत आज मला सांगावयाची आहे. इंग्रजीत त्यास फ्युएल सेल म्हणतात. आपण इंधनघट म्हणू.

वेल्समधील विल्यम ग्रोव्ह हे व्यवसायाने वकील, पुढे न्यायाधीशही झाले. पण छंद पदार्थविज्ञानाचा. १८४२ साली त्यांनी हायड्रोजन व ऑक्सिजन भरलेल्या नळ्या ओळीने जोडून वीज मिळविली, आणि तीच वीज दुसऱ्या भांड्यातील पाण्यात सोडून त्याचे पुन्हा तेच दोन वायू केले. घटात हे वायू न जळता संयोग पावतात. एक किलो हायड्रोजनास आठ किलो ऑक्सिजन लागतो व नऊ किलो पाणी तयार होते. त्याजबरोबर उष्णताही निघते. पाणी साचले तर वायूंची वाट बुजते. फार सुकले तर आतले पटल निकामी होते. वीज काढण्याइतकेच पाणी व उष्णता बाहेर काढणे अवघड, आणि हा घट शतकाहून अधिक काळ प्रयोगशाळेतच राहिला त्याचे हे एक मोठे कारण होय.

अंतराळात तर पाणी आपोआप खालीही वाहत नाही. अमेरिकेच्या जेमिनी यानांतील घटांत ते टिपण्यासाठी समईप्रमाणे वाती बसविल्या होत्या! ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ या यानाने हे घट प्रथम अंतराळात नेले. मात्र त्यांचे पाणी पिण्याजोगे नव्हते. अपोलो यानांत इंग्रज अभियंता फ्रान्सिस बेकन यांच्या पद्धतीचे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे घट आले. त्यांत खेळता हायड्रोजनच वाफ घेऊन बाहेर पडे. ती वाफ निववून पाणी वेगळे करीत आणि अंतराळवीर ते पीत. त्यात हायड्रोजनचे बुडबुडे राहत व पोटात वारा धरे, ही गोष्ट वीरकथांतून सहसा गाळली जाते.

१३ एप्रिल १९७० रोजी, पृथ्वीपासून सुमारे ३,२०,००० किलोमीटरवर, अपोलो १३ यानाची एक ऑक्सिजनची टाकी फुटली. तीन इंधनघटांपैकी दोन लगेच गेले, तिसराही थोड्या वेळाने बंद पडला. वीज गेली हे सर्वांच्या ध्यानात येते. पण नवे पाणी देणारा झराही त्याच वेळी आटला. लोव्हेल, स्वायगर्ट व हेज हे तिघे चांद्रयानात आश्रयास गेले. त्याचे नाव ॲक्वेरियस, म्हणजे कुंभधारी! तेथे बॅटऱ्या होत्या आणि टाकीत मोजकेच पाणी होते. ते प्रामुख्याने पिण्यासाठी नव्हे, यंत्रांसाठी हवे होते. यंत्रांच्या उष्णतेचे निवारण करण्यासाठी सच्छिद्र पत्र्यांतून पाणी बाहेरच्या पोकळीकडे नेत. ते गोठे, बर्फाची सरळ वाफ होई आणि ती उष्णता घेऊन निघून जाई. गेलेला थेंब परत येणे नाही.

हिशेब केला तेव्हा पृथ्वी गाठण्यापूर्वी सुमारे पाच तास पाणी संपणार असे दिसले. अपोलो ११ च्या सोडून दिलेल्या चांद्रयानाची यंत्रे शीतकरणावाचून सात-आठ तास चालली होती, एवढाच काय तो धीर. तेव्हा यंत्रे एकामागून एक बंद करून विजेचा खर्च एक पंचमांशावर आणला, कारण वीज कमी तर उष्णता कमी, आणि उष्णता कमी तर पाणीही कमी लागते. यान इतके थंड पडले की माणसे कुडकुडू लागली. प्रत्येकास दिवसाला पाऊण पेला, सुमारे १८० मिलिलिटर पाणी. यंत्राला पाजावे म्हणून माणसाने तहान सोसावी, असा तो प्रसंग होता. हेज यांना मूत्रमार्गाचा विकार होऊन ताप भरला. लोव्हेल यांचे वजन सुमारे सहा किलोंनी उतरले.

१७ एप्रिल रोजी तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले. त्याआधी सोडून दिलेल्या ॲक्वेरियसच्या टाक्यांत सुमारे १३ किलो पाणी शिल्लक होते.