शिंगे मोजण्याचा नियम ते शिकारबंदी : हरणांविषयीचा कायदा काय सांगतो

बेंगळुरू : अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणावर गोळी झाडण्यापूर्वी शिकाऱ्याला त्याच्या शिंगांचे फाटे मोजावे लागतात. ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा कमी फाटे असलेला नर मारल्यास दंड होतो. त्याच देशात शाळकरी मुलांना मात्र या नियमातून बरीच मोकळीक मिळते, कारण शिकाऱ्यांची नवी पिढी तयार व्हावी अशी तेथील वन्यजीव खात्यांचीच इच्छा आहे. भारतात चित्र नेमके उलटे आहे. येथे छंद म्हणून हरणाची शिकार करणे कोणत्याही वयात गुन्हा आहे आणि जंगलात आपोआप गळून पडलेले शिंग उचलून घरी आणणेही कायद्यात बसत नाही.

तथापि, भारतातही एकेकाळी परवाना घेऊन शिकार करता येत होती आणि त्या परवान्याला शिंगांशी निगडित अटही जोडलेली होती. ती अट काय होती, का गेली आणि तिच्या जागी आज काय आहे, हे समजून घेणे केवळ इतिहासापुरते महत्त्वाचे नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कित्येक घरांत आजही जुनी शिंगे आहेत.

शिंगाचा प्राणिशास्त्रीय अर्थ

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. काळवीट, चिंकारा, नीलगाय हे कुरंग गटातील प्राणी. त्यांची शिंगे पोकळ असतात, हाडाच्या गाभ्यावर आवरणासारखी बसतात आणि आयुष्यभर टिकतात. चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर हे सारंग कुळातील. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात.

नवे शिंग वाढत असताना त्यावर मखमलीसारखी लव असलेली त्वचा असते. तिच्यातील रक्तवाहिन्या वाढत्या हाडाला पोषण देतात. या अवस्थेत शिंग नाजूक असते. वाढ पूर्ण झाली की त्वचा वाळते आणि नर झाडाझुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. त्यानंतरच ही शिंगे माजाच्या काळातील झुंजींसाठी कामी येतात. गळालेली शिंगेही जंगलात वाया जात नाहीत. साळिंदर, इतर कुरतडणारे प्राणी आणि खुद्द हरणेही कॅल्शियम व फॉस्फरससाठी ती चघळतात.

अमेरिकेतील नियम

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सुमारे तीन कोटी असल्याचे मानले जाते. लांडगे आणि प्यूमा यांसारखे शिकारी प्राणी बहुतेक भागांतून नाहीसे झाल्याने या हरणांच्या संख्येवर नियंत्रण ठेवण्याचे काम प्रामुख्याने परवानाधारक शिकाऱ्यांकडे आले. मात्र, शिकाऱ्यांचा ओढा नरांकडे असल्याने दीड वर्षाचे, पहिलीच शिंगे फुटलेले नर मोठ्या प्रमाणावर मारले जाऊ लागले. प्रौढ नर दुर्मीळ झाले आणि नर-माद्यांचे प्रमाण बिघडले.

यावर उपाय म्हणून मिसिसिपी राज्याने १९९५ मध्ये दोन्ही शिंगांवर मिळून किमान चार टोके असलेलाच नर मारण्याचा नियम केला. पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये बहुतांश भागात एका शिंगाला किमान तीन, तर पश्चिमेकडील काही भागांत चार टोके अशी अट घातली. मिसूरीने २००४ मध्ये निवडक २९ काउंटींमध्ये एका बाजूला किमान चार टोकांचा नियम लागू केला. तरुण नराला आणखी एक-दोन वर्षे जगू द्यावे आणि त्याच वेळी माद्यांची शिकार वाढवून एकूण संख्या आटोक्यात ठेवावी, हा यामागील हेतू. पेनसिल्व्हेनियात या बदलाला शिकाऱ्यांच्या एका मोठ्या गटाने कडवा विरोध केला होता.

या नियमाला मर्यादाही आहेत. हरणांमध्ये पसरणाऱ्या आणि मेंदूवर आघात करणाऱ्या एका असाध्य रोगाचे प्रमाण प्रौढ नरांत अधिक आढळते. प्रौढ नर राखण्याचा नियम अशा ठिकाणी रोगाला पोषक ठरू शकतो. त्यामुळे मिसूरीने रोगग्रस्त भागांतील काउंटींमधून तो मागे घेतला.

मुलांना सवलत कशासाठी?

अमेरिकेतील वन्यजीव संवर्धनाचा मोठा आर्थिक भार शिकारी उचलतात. १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार शिकारीच्या लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर घेतला जातो आणि ती रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळते. परवाना शुल्काचे उत्पन्न वेगळे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून परवानाधारकांच्या संख्येला उतरती कळा लागली. शिकारी वृद्ध होत गेले आणि शहरांत वाढणारी मुले या छंदाकडे फिरकेनाशी झाली. शिकारी घटले तर हरणांवरील नियंत्रण सुटेल आणि संवर्धनाचा निधीही आटेल, अशी दुहेरी चिंता निर्माण झाली.

त्यामुळे राज्यांनी मुलांसाठी हंगामाआधीचे राखीव दिवस, कमी शुल्काचे परवाने आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली शिकार अशा योजना आणल्या. पेनसिल्व्हेनियात २००६ पासून अशी मार्गदर्शकासह शिकारीची योजना आहे. तेथे कनिष्ठ परवानाधारकांना तीन-चार टोकांची अट लागू नाही. दोन टोके किंवा तीन इंच लांबीचे साधे शिंग पुरेसे ठरते. पहिल्याच प्रयत्नात मूल रिकाम्या हाताने परतले तर ते पुन्हा येणार नाही, हा त्यामागील विचार. यात एक विसंगती उरते. ज्या तरुण नराला वाचवण्यासाठी नियम केला, तोच नर मुलांच्या वाट्याला येतो.

भारतातील जुनी अट

ब्रिटिश काळात भारतातही शिकारीवर नियम होते. निलगिरीसाठी १८७९ मध्ये मद्रास सरकारने स्वतंत्र कायदा केला. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतांना शिकारबंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये अधिक व्यापक कायदा केला. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हेही मुंबई राज्यात होते, त्यामुळे आजच्या उत्तर कर्नाटकालाही तो लागू होता.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकारीवर सरसकट बंदी नव्हती. मोठी शिकार, लहान शिकार अशा वर्गांनुसार परवाने मिळत. चितळ आणि सांबर मोठ्या शिकारीच्या वर्गात होते. मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवणे परवानाधारकाला बंधनकारक होते आणि वाहनातून शिकार करण्यास मनाई होती. याच कायद्याच्या मूळ कलम १५ नुसार प्राण्यांची पिल्ले, माद्या आणि मखमली शिंगे असलेले हरीण विशेष परवानगीशिवाय मारता येत नव्हते. भारतीय कायद्यातील शिंगांविषयीची अट ती हीच.

अमेरिकेप्रमाणे टोके मोजण्याची पद्धत येथे फारशी उपयोगाची नव्हती. पूर्ण वाढलेल्या चितळाच्या व सांबराच्या प्रत्येक शिंगाला साधारणतः तीनच टोके असतात. तीन टोके आल्यानंतर नराचे वय वाढले तरी टोके वाढत नाहीत, शिंगाची लांबी व जाडी वाढते. म्हणूनच येथील शिकारी शिंगांचा हिशेब इंचांत ठेवत.

१९९१ चा बदल

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सारी व्यवस्था मोडीत काढली. परवान्याच्या तरतुदींसह कलम १५ वगळण्यात आले. सुधारित कलम ९ नुसार परिशिष्टांतील कोणत्याही वन्य प्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. मानवी जीवितास किंवा पिकांना धोका निर्माण करणाऱ्या प्राण्यांबाबत कलम ११ अन्वये वन अधिकारी परवानगी देऊ शकतात. रानडुक्कर आणि नीलगाय म्हणजेच रोही यांच्याबाबत अशी परवानगी दिली जाते. मात्र, ती शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी असते, छंदासाठी नव्हे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. मारण्याबरोबरच सापळा लावणे, हाकारा घालणे, आमिष दाखवणे आणि यापैकी कशाचाही प्रयत्न करणे त्यात येते.

या बंदीला परिसंस्थेचेही एक कारण आहे. बेंगळुरूस्थित सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीज या संस्थेचे संस्थापक के. उल्हास कारंत यांच्या नागरहोळे येथील संशोधनानुसार एका वाघाला वर्षाला हरणाएवढे सुमारे ५० प्राणी लागतात आणि त्यासाठी भोवती सुमारे ५०० भक्ष्य प्राण्यांचा कळप टिकून राहावा लागतो. वाघ एकूण भक्ष्यापैकी साधारण दहा टक्केच घेतो. २०२२ च्या गणनेनुसार कर्नाटकात ५६३ वाघ आहेत. अमेरिकेत हरणांच्या वाढीचा वाटा शिकारी उचलतो, येथे तो वाघ, बिबटे आणि रानकुत्रे यांचा आहे. माणूस त्यात वाटेकरी झाला तर वाघ उपाशी राहतो किंवा गुरांकडे वळतो.

बंदूक आहे, शिकार नाही

तरुणांचा प्रश्न कर्नाटकात वेगळ्या रूपात पाहायला मिळतो. कोडगू म्हणजे कूर्ग जिल्ह्यातील कोडव समाजाला व जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. भातलावणी आटोपल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या कैलपोळ्द सणात तेथे शस्त्रांची पूजा होते. पूर्वी शिकारीशी जोडलेल्या या सणात आता नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा रंगतात. घरात बंदूक आहे, नेमबाजीचा वारसाही आहे, पण हरणावर ती रोखता येत नाही, हे येथील तरुण पिढीने स्वीकारलेले वास्तव आहे.

बेंगळुरू शहरालाही शिकारीचा वारसा आहे. येथील केनेथ अँडरसन (१९१०-१९७४) यांचे नरभक्षक वाघांवरील पहिले पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात ते बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले. तरुणपणी शिकार केलेले कर्नल जॉन वेकफिल्ड पुढे राज्य सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कंपनीच्या काबिनी येथील केंद्राशी २०१० मधील निधनापर्यंत जोडलेले राहिले आणि तेथील निसर्ग मार्गदर्शकांच्या पिढ्या त्यांच्या सहवासात घडल्या. मराठी वाचकांना व्यंकटेश माडगूळकर यांचा असाच प्रवास परिचित आहे. म्हैसूरच्या महाराजांचे शिकारीचे रान असलेले बंडीपूर १९७३ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाले.

जंगल वाचणे, माग ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहून चालणे ही कौशल्ये एकेकाळी शिकारीतून पुढच्या पिढीकडे जात. ती आता अन्य मार्गांनी द्यावी लागतात. कर्नाटक वन विभागाची ‘चिन्नर वन दर्शन’ ही योजना शाळकरी मुलांना जंगलात नेते. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या काळात वन्यजीव सप्ताह पाळला जातो. मात्र, अमेरिकेत प्रत्येक नवा शिकारी कर आणि शुल्काच्या रूपाने संवर्धनाला नियमित निधी देतो, तसा थेट आर्थिक दुवा भारतात निसर्गप्रेमी तरुण आणि वन विभाग यांच्यात नाही. येथे संवर्धनाचा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून होतो.

घरातील सांबरशिंगाचे काय?

शिकारीचा परवाना गेला, तरी शिंग कायद्याच्या कक्षेतच राहिले. २००२ च्या दुरुस्तीनंतर ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत हरणाच्या शिंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३९ नुसार अशी वस्तू शासनाची मालमत्ता ठरते. शिंग मारलेल्या प्राण्याचे आहे की गळून पडलेले, हा बचाव पुरेसा ठरत नाही. सुऱ्यांच्या मुठी व गुंड्यांसाठी पूर्वी चालणारा गळालेल्या शिंगांचा व्यापारही आता बंद आहे.

दिवाणखान्यातील मुंडके असो वा दुखऱ्या भागावर लेप देण्यासाठी सहाणेवर उगाळले जाणारे सांबरशिंग, दोन्हींना हाच नियम लागू होतो. जुन्या वस्तू घोषित करण्यासाठी केंद्राने एप्रिल २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमातील स्पर्धकाला वाघनखाच्या लॉकेटवरून बेंगळुरूत अटक झाली आणि हा विषय पुन्हा चर्चेत आला. त्यानंतर कर्नाटक सरकारने २०२४ च्या प्रारंभी अशा वस्तू परत करण्याची संधी जाहीर केली होती. ती मुदतही संपली आहे.

मालकी प्रमाणपत्र असलेले शिंग वारसाहक्काने मिळू शकते. मात्र, वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची घोषणा करणे आवश्यक आहे. प्रमाणपत्र असूनही वस्तू ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती वन विभागाला स्वेच्छेने सुपूर्द करता येते, त्याची भरपाई मिळत नाही. तरतुदींचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परिशिष्ट एकमधील प्राण्यांबाबत किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

सहलीत किंवा शेताच्या बांधावर गळालेले शिंग दिसल्यास ते न उचलता जवळच्या वन कर्मचाऱ्यास कळवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.