निंदणीची यादी

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या महसूल खात्यात मी कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथे बदली झाली की लोक विचारत, ‘साहेबांशी वाजलं का?’ मला मात्र ते गठ्ठे आवडले. अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके आणि त्यांतली मरोळ, एकसर, नाहूरसारखी गावं. बाहेर टॉवर उठले तरी आमच्या दप्तरात ती अजून ‘मौजे’च आहेत.

ही साष्टीतली गावं एकेकाळी ठाणे जिल्ह्यात होती. 1920 मध्ये उपनगर जिल्हा झाला. 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला, 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा. 1 ऑक्टोबर 1990 पासून उपनगर पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. हद्द हलली की दप्तर हलतं आणि हलताना थोडं मागे राहतं. बोरिवलीच्या माणसाला जुन्या फेरफाराची नक्कल हवी असेल, तर ‘ठाण्यालाही एकदा विचारा’ असं मी उगाच सांगत नसे.

प्रकरण निकाली निघालं की त्याचा वर्ग ठरे. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ एक वर्ष. मुदत संपलेले कागद वेगळे काढायचे, त्यांची यादी करायची, साहेबांची मंजुरी घ्यायची आणि मगच ते नष्ट करायचे. याला आम्ही निंदणीकरण म्हणतो. कागद गेला तरी यादी राहत असे. काय गेलं, कधी गेलं आणि कोणाच्या सहीनं गेलं, हे पुढच्या माणसाला त्यातून कळे.

वर्ग ठरवणं हे जोखमीचं काम. भांडुपच्या आगरी घरातला मुलगा जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधत येई. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. मग गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, बाहेर निघे. ज्यानं ती नोंद केली, त्याला या तारखा ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ‘हे कशाला ठेवायचं?’ या प्रश्नाचं उत्तर असं कधीकधी शंभर वर्षांनी मिळतं.

आमची ही शिस्त कितीतरी वर्षं परिपत्रकांवर आणि नियमपुस्तिकांवरच चालली. केंद्रानं 1993 मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला. त्यात 1892 पूर्वीच्या अभिलेखांना जवळजवळ अभयच आहे. महाराष्ट्रानं आपला कायदा केला तो 2005 चा. अभिलेख बेकायदा नष्ट केला, तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला आणि रेकॉर्ड रूमच्या दाराशी पहिल्यांदाच गर्दी दिसू लागली. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या, आणि सगळ्यांना संगणकाची घाई झाली.

संगणक आला, पण निंदणीची यादी त्याच्याबरोबर आली नाही. केंद्राच्या कायद्यात संगणकानं तयार केलेली सामग्रीही अभिलेखातच मोडते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 (च) मध्ये तर ई-मेलचं नावच घेतलेलं आहे. केंद्र सरकारनं 2015 मध्ये ई-मेल धोरण काढून सरकारी कामासाठी सरकारीच खातं वापरा असं सांगितलं. प्रत्यक्षात काय होतं, ते मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पाहिलं. साहेबांचं निम्मं काम खासगी खात्यावर चाले. बदली झाली की कपाटाच्या किल्ल्या यादीनिशी ताब्यात मिळत. मेल मात्र साहेबांबरोबर जाई. 26 जुलै 2005 च्या पुराचे पंचनामे कागदावर झाले, म्हणून त्यांना गठ्ठा मिळाला आणि वर्ग मिळाला. आता नुकसानीचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि फोन बदलला की जातात. त्यांचा वर्ग अ की ड, हे कोणी विचारतसुद्धा नाही.

सगळं जपून ठेवा असं कोणताही रेकॉर्ड कीपर म्हणणार नाही; त्याला जागेची किंमत माहीत असते. मेलही खुशाल पुसावी. पण आधी तिचा वर्ग ठरावा, यादी व्हावी आणि त्या यादीखाली एका जबाबदार माणसाची सही असावी. कागदाच्या बाबतीत आम्ही कमी पगारात आणि धुळीत हे करत होतो. मग सर्व्हर असताना ते का जमू नये?

तुम्ही माहिती अधिकारात अर्ज कराल, तेव्हा ‘कागदपत्रे’ एवढंच लिहू नका. ‘ई-मेल पत्रव्यवहारासह’ असं लिहा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या अर्जात तो नष्ट केल्याची यादी आणि मंजुरीचा आदेश मागा. अभिलेख नियमानं नष्ट झाला असेल, तर ती यादी असायलाच हवी.